आक्काची गरगर

॥ श्री वीतरागाय नमः ॥

गडमुडशिंगी,
२१ ऑगस्ट २०२५

आक्का, जय जिनेंद्र.

परवा तुझा फोन आलता तेव्हा मी "व्हय व्हय" म्हणत हुतो, ते सगळं खोटं हाय. मला एक अक्षर ऐकू आलं न्हाय. फोन ठेवल्यावर रोहिणी म्हणाली, "अहो, त्या विचारत हुत्या तुमच्या घरात कुणी आजारी हाय का, आणि तुम्ही व्हय व्हय काय करत बसलाय?" तर आम्ही सगळी ठणठणीत हाय, काळजी करू नकोस. आणि इथून पुढं माझ्याशी बोलायचं तर पहिल्यासारखं कागदावर बोल. माझा फोन बटनाचा, व्हॉट्सअ‍ॅपची भानगड न्हाय. पोस्टमन दोन दिवसांत पत्र आणून देतोय, आपल्याला कुठं गाडी पकडायची हाय?

रविवारी तुझा सम्मेद आलता. मामा म्हणून पाया पडला, चार घास खाल्ले आणि मग मुद्द्यावर आला. म्हणतोय, आईला पुण्याला न्यायची, तुम्ही समजावा. अकराव्या मजल्यावर फ्लॅट हाय, लिफ्ट हाय, खाली बाग हाय, जिनमंदिर पण चालत दहा मिनिटांवर. पोरगं पोटतिडकीनं बोलत हुतं. गेल्या साली तुला चक्कर आली, तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागलाय. खरं सांगू का, मला पण त्याचं पटलं. वडगावात एकटी शिलाई मशीन हाणत किती दिवस बसणार? अडुसष्टावं लागलं की तुला. जा म्हणतो मी.

येत्या गुरुवारपासून दशलक्षण पर्व बसतंय. दहाच्या दहा दिवस एकाशन करणार असशीलच. सांगून ऐकणाऱ्यातली तू न्हवंस. पण तेवढं जपून. मी आपला बघत बसणार. सकाळी दहाला पोटात काय पडलं न्हाय की मला सगळ्या जगाचा राग येतो.

तुझा,
नेमू

---

पेठ वडगाव,
३० ऑगस्ट

नेमू,

आधी हे सांग, तू कुणाच्या बाजूचा? भाऊ माझा, आणि वकिली करतोस माझ्या पोराची? अकराव्या मजल्यावरनं मी खाली काय बघू, मुंग्या? इथं दारात बसलं की येणारा-जाणारा विचारतो, काकू, ब्लाऊज झाला का. तिथं मला कोण विचारणार? सून कामाला, नातू शाळेला, मी आणि लिफ्ट. मी कुठं जायची न्हाय. हे त्याला सांग आणि तू पण ऐक.

एकाशन छान चाललंय. सकाळी पूजा, स्वाध्याय, बाराला पानावर बसायचं, उठलं की दुसऱ्या दिवशीच्या बारापर्यंत तोंडात पाण्याचा थेंब न्हाय. आज तिसरा दिवस.

काल सकाळी उठले आणि खोली फिरायला लागली. घाबरू नकोस, गेल्या सालचंच हाय ते, कानातले खडे. आठवतंय न्हवं, कानाच्या डॉक्टरांनी मला आडवी टाकून मान इकडून तिकडं फिरवली आणि दोन मिनिटांत चक्कर पळाली? म्हणाले हुते, कानात बारीक खडे असतात, ते जागा सोडतात. मी ते सगळं ध्यानात ठेवलंय. शेजारच्या मीनाबाईला बोलावलं, तिला म्हटलं, धर माझं डोकं आणि मी सांगते तसं फिरव. तिनं फिरवलं. उलटी झाली, पण खडा बसला असणार. आज जरा जरा गरगरतंय अजून. पोट रिकामं, पित्त चढतंय, दुसरं काय.

सम्मेदला यातलं एक अक्षर कळता कामा नये. नुसतं "आईला चक्कर" एवढं कानावर गेलं तर गाडी घेऊन दारात हजर हुईल, आणि मग माझं वडगाव संपलं. तुला माझी शप्पथ हाय.

आक्का

---

गडमुडशिंगी,
१ सप्टेंबर

आक्का,

पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं, ते स्पष्ट लिहितो.

चाळीस वर्षं मी दुकानांचे बोर्ड रंगवले. भिंतीवर दोरी मारल्याशिवाय मला सरळ ओळ येत न्हाय. तुला कोऱ्या कागदावर दोरी न मारता सरळ ओळ येते, म्हणून लहानपणी आप्पा मला तुझी वही दाखवून मारायचे. आणि हे काय अक्षर? एक ओळ वर चाललीय, एक खाली उतरलीय. शिरोरेषा शब्दाच्या डोक्यावर न्हाय, पोटातनं गेलीय. "वकिली" लिहिलंस त्यातली वेलांटी पार वरच्या ओळीत जाऊन बसली. रागानं लिहिलंस, एवढं मला कळतंय. पुण्याचं नाव काढलं म्हणून एवढा राग? पोराच्या जिवाला घोर लागलाय म्हणून चार शब्द लिहिले, तर तू पत्र असं फेकून मारल्यासारखं लिहावंस?

मी ते पत्र रोहिणीला पण दाखवलं न्हाय. खणात टाकलं.

शप्पथ घातलीस, तर सम्मेदला सांगत न्हाय. पण खड्याचं तू घरी कसलं डॉक्टरपण करतीस? मीनाबाई चांगली बाई हाय, पण ती शेवया करते, डॉक्टरकी न्हवं. कानाच्या डॉक्टरकडं जाऊन ये की.

राग गेला की लिही.

नेमू

---

पेठ वडगाव,
३ सप्टेंबर

नेमू,

राग कसला बाबा. तुझ्यावर मी कधी रागावले? रागावले असेन, पण पत्रातनं न्हाय, तोंडावर बोलले असेन.

खरं सांगते, हात ऐकत न्हाय. उजवा. मी अक्षर काढायला जाते आणि पेन पुढंच निघून जातंय. आत्ता हे लिहायला मला पाऊण तास लागला. सुईत दोरा ओवायला घेतला तर दोन दोरे दिसतात आणि दोन सुया. कुठला खरा, ते कळत न्हाय. म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. चालताना उजवीकडं ओढ लागते, कुणीतरी पदर धरल्यासारखी. भिंतीला धरून मंदिरात जाते. काल पूजेला उभी हुते आणि तिथंच कडंच्या खांबावर आपटले, पण लागलं काय न्हाय. बायका म्हणाल्या, काकू, एकाशनाचा अशक्तपणा, नारळपाणी घ्या. मी म्हटलं, बाराला घेईन.

आडवं पडलं तरी थांबत न्हाय, एवढंच जरा वेगळं वाटतंय. गेल्या साली मान हलली की फिरायचं आणि स्थिर पडलं की थांबायचं.

तीन दिवस राहिलेत. चतुर्दशी झाली की पारणं करते, मग जाते कानवाल्याकडं. तोवर कुणाला बोलू नकोस.

आक्का

---

कोल्हापूर,
८ सप्टेंबर
(दवाखान्याचा व्हरांडा, बाकड्यावरनं)

आक्का,

तू आत, मी बाहेर, मधी एक भिंत, आणि तरी मी पत्र लिहितोय. कारण सांगतो. सकाळी मी तुझ्याशी बोललो तेव्हा मला वाटलं मी हळू बोलतोय. सिस्टर म्हणाली, "आजोबा, सगळा वॉर्ड जागा झाला." आणि हाताला धरून बाहेर काढलं मला. आता वॉर्डातल्या मावशींच्या हातात ही चिठ्ठी देतो. तू झोपून वाच. उठून बसू नकोस.

तुला त्या दिवशीचं नीट आठवत न्हाय म्हणतीस, म्हणून सगळं लिहितो.

शुक्रवारी अकराला तुझं पत्र आलं. उघडलं. आधी अक्षर बघितलं, मजकूर नंतर वाचला. खणातलं आधीचं पत्र काढलं, शेजारी ठेवलं. त्यात शिरोरेषा नुसती हललीवती. यात शिरोरेषाच न्हाय, अक्षरं मोठी मोठी होत ओळीच्या बाहेर गेलीती. राग आलेला माणूस असं लिहित न्हाय आक्का. राग आला की माणूस जोर देऊन लिहितो, कागद फाटतो. मी जन्मभर अक्षरं बघितली आणि मला हे पाच दिवस आधी कळलं न्हाय. रुसून बसलो. पत्र खणात टाकलं.

शेजारच्या कृष्णातला म्हटलं, गाडी काढ. मी वडगावला पोचलो तर तू पानावर बसायच्या तयारीत, एका हातानं भिंत धरलेली. मला बघून म्हणालीस, "आलास? हात धू, जेव." आणि माझ्याकडं यायला निघालीस ती सरळ उजवीकडं कपाटावर गेलीस. तू यायला तयार न्हवतीस. "व्रत मोडतंय, अजून एक दिवस, नेमू, फक्त एक दिवस," म्हणून रडलीस. मी काय बोललो ते मला आठवतंय, आणि थोरल्या बहिणीशी तसं बोलू ने. मीनाबाई आणि कृष्णातनं मिळून तुला उचलून गाडीत घातली.

इथल्या डॉक्टरीणबाई तरण्या हायत, पण हुशार. तुझ्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, आजी, तुमचं बोट माझ्या बोटाला लावा, मग स्वतःच्या नाकाला लावा. डाव्या हातानं बरोबर लावलंस. उजवा हात नाकाला जायच्या ऐवजी गालाला गेला. मग टाचेला टाच लावून चालायला सांगितलं, आणि तू तोल जाऊन मावशींच्या अंगावर. त्यांनी लगेच एमआरआय काढायला सांगितला.

त्यांना मी म्हटलं, कानातले खडे हायत. त्यांनी मला कागदावर लिहून दिलं, कारण माझ्यासाठी ओरडून त्यांचा घसा बसलावता. तो कागद मी जपून ठेवलाय. त्यात हाय की चक्कर कानातनं पण येते आणि मेंदूतनं पण. खोली दोन्हीत फिरते. पण खड्याची चक्कर मान वळवली की येते आणि मिनिटभरात जाते. ही दिवसभर ऱ्हायली, हात ऐकेना झाला, एकाच्या जागी दोन दिसायला लागलं, चाल एका बाजूला गेली. ही मेंदूची खूण. डोक्याच्या मागं खाली लहान मेंदू असतो, तो आपला तोल आणि हाताचा नेम सांभाळतो. तिथली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली तुझी. लकवा म्हणजे तोंड वाकडं व्हायलाच पायजे असं न्हाय म्हणाल्या. लकवा असा पण येतो, आणि लोक पित्त समजून लिंबूपाणी पीत बसतात.

पहिल्या दिवशी, पहिल्या चार तासांत आणलं असतं तर वेगळं औषध देता आलं असतं, असं पण लिहिलंय त्यांनी. पण तुंबलेली जागा लहान हाय, सूज वाढली न्हाय, व्यायामानं तोल परत येईल. धोका टळलाय. आक्का, धोका टळलाय. हे वाक्य मी दोनदा लिहितो कारण मला परत परत वाचायचंय.

शप्पथ मोडली. सम्मेदला माझ्या नातीनं, रुचितानं, फोन लावून दिला. तो येतोय.

आज क्षमावाणी. दरवर्षी आपण छापील कार्ड पाठवतो, त्यावर सगळ्यांना तेच. यंदा माझ्या हातानं लिहितो. पाच दिवस मी तुझ्या दुखण्याला राग समजलो. मला क्षमा कर.

नेमू

---

कोल्हापूर, वॉर्डातनं,
११ सप्टेंबर

नेमू,

हे डाव्या हातानं धरून उजव्यानं लिहितेय, तुझ्यातला बोर्ड पेंटर जरा झोपव.

क्षमा मी तुला कसली करू? क्षमा मीच मागायची. एक गोष्ट मी कुणालाच सांगितली न्हवती. काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बीपीची गोळी चुकली हुती का?" मी म्हटलं, चुकली न्हाय, सोडली हुती. सकाळची गोळी सातला, रातची नऊला. सातला तोंड बंद, नऊला तोंड बंद. एकाशनात गोळी खाल्ली तर व्रत ऱ्हायलं कुठं? म्हणून पर्व बसल्यापासनं दोन्ही गोळ्या डब्यात. त्यांनी डोक्याला हात लावला. बीपी आधीपासनं जास्त, त्यात गोळ्या बंद, अंगात पाणी न्हाय. म्हणाल्या, यातनंच झालं असणार.

आज आपल्या मंदिरातले उपाध्ये बघायला आलते. मी रडत त्यांना सांगितलं, एक दिवस ऱ्हायला हुता, माझं व्रत मोडलं. ते एवढे चिडले! म्हणाले, "आक्का, तुम्हाला औषध सोडायला सांगितलं कुणी? पानावर बसल्यावर दोन्ही गोळ्या कशा घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारायचं, न्हाय जमलं तर मला विचारायचं, मी वेगळा नेम दिला असता. जीव राखणं हा पहिला धर्म. मुंगीला जपता, आणि स्वतःच्या जिवाला न्हाय?" सगळ्या वॉर्डासमोर. मला लाज वाटली आणि बरं पण वाटलं. मी कधी विचारलंच न्हवतं नेमू. मला वाटलं आपल्याला सगळं कळतं.

रोहिणीला सांग, मुगाचं पाणी चांगलं झालतं. इथल्या जेवणात बटाटा असतो आणि संध्याकाळचं ताट सात वाजता, दिवस मावळल्यावर. ते मी शेजारच्या खाटेवरच्या बाईला देते. ती खूश हाय.

सम्मेद दिवसभर खाटेपाशी बसतो आणि फोनवर पुण्याच्या दवाखान्यांची चौकशी करतो. मला काही बोलत न्हाय. मी पण बोलत न्हाय. मला ठाऊक हाय तो काय ठरवतोय. आता माझ्याकडं न्हाय म्हणायला तोंड न्हाय. मशीन मीनाबाईच्या पोरीला देऊन टाकावी म्हणते.

आक्का

---

गडमुडशिंगी,
५ ऑक्टोबर

आक्का,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र न्हाय. तुला घरी सोडलं, सम्मेद वडगावला तुझ्यापाशीच ऱ्हायलाय, एवढं रुचिता सांगते. पुढं काय ठरलं ते कुणी सांगत न्हाय. मी विचारलं की सगळी माझ्या कानात ओरडतात, आणि मला फक्त "बरं चाललंय" एवढंच ऐकू येतं.

मी एक कबूल करतो. पुण्याला जा असं मी लिहिलं, ते तुझ्या भल्यासाठी लिहिलं असं मला वाटत हुतं. बाकड्यावर बसून विचार केला तेव्हा कळलं की मी ते लिहिलं कारण माझी काळजी कमी व्हावी. तू पुण्यात असलीस की माझ्या जिवावरचं ओझं सम्मेदच्या जिवावर. हे काय बरोबर न्हवं. तू वडगावात ऱ्हा म्हणत न्हाय, जा पण म्हणत न्हाय. तू काय म्हणतीस ते सांग. मशीन कुणाला देऊ नकोस तोवर.

डॉक्टरीणबाईंनी दिलेला चालायचा व्यायाम करतीस का? का त्याच्यात पण स्वतःची अक्कल घातलीस?

नेमू

---

पेठ वडगाव,
१६ नोव्हेंबर

नेमू,

अक्षर बघ. दोरी मारायची गरज न्हाय, पण तू मारून बघशील, मला ठाऊक हाय.

उशीर झाला, कारण जे घडलं ते लिहायला मला हात आणि मन, दोन्ही स्थिर पायजे हुतं.

सम्मेद दीड महिना इथं ऱ्हायला. ऑफिसचं काम तो माझ्या शिलाईच्या टेबलावर करायचा, कातर्‍या एका बाजूला सारून. रोज सकाळी अंगणात खडूनं रेघ मारायचा आणि माझा हात न धरता शेजारनं चालायचा. पहिल्या आठवड्यात मी रेघ सोडून तुळशीत. दुसऱ्या आठवड्यात आठ पावलं. मग अंगणभर. मीनाबाई कट्ट्यावर बसून मोजायची आणि टाळ्या वाजवायची. सगळी गल्ली तमाशा बघायला. मला मज्जा यायला लागली, खोटं कशाला बोलू. लहानपणी ठिक्कर खेळलो ते सोडलं तर रेघेवर पाय टाकायचा प्रसंग आलाच न्हवता.

पण पुण्याचा विषय तो काढत न्हवता आणि मी पण न्हाय. घरात आम्ही दोघं त्या विषयाला वळसा घालून चालायचो. शेवटी दिवाळी झाल्यावर एक दिवस मी भाजी निवडत हुते, तो समोर येऊन बसला. म्हणाला, "आई, एकच विचारतो. एक आठवडा तू भिंत धरून चाललीस. मला का सांगितलं न्हाईस?"

मी पुष्कळ कारणं तयार ठेवली हुती. पर्व हुतं, वाटलं पित्त, तुझं काम. पण त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि खरं ते बाहेर आलं. म्हटलं, "तू मला घेऊन जाशील म्हणून."

एवढा मोठा बाप्या, त्याच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी. बराच वेळ मेथीची पानं खुडत बसला, देठासकट. मग म्हणाला, "म्हणजे मी न्यायला येईन, या भीतीनं तू मरायला तयार हुतीस." मी म्हटलं, असं न्हवं रे. पण असंच हुतं.

मग तो म्हणाला, "आपण एक ठरवू. मी तुला न्यायचं बंद करतो. तू माझ्यापासनं लपवायचं बंद कर."

एवढंच ठरलंय. मी वडगावात. मीनाबाईची सोनम रात्री झोपायला येते. गोळ्यांना आठवड्याच्या खणांची डबी हाय, ती सम्मेद रोज संध्याकाळी व्हिडिओवर बघतो. मी डबी उघडून कॅमेऱ्यासमोर धरते, तो "शाब्बास" म्हणतो. पुढच्या पर्वात व्रत काय करायचं ते डॉक्टरीणबाई आणि उपाध्ये, दोघांना विचारून करणार. मशीन सुरू केलीय, आठवड्याला दोन ब्लाऊज, जास्त न्हाय. एका बाहीला शिवण जरा वाकडी गेली, गिऱ्हाईक म्हणाली, काकू, चालतंय की.

आज सकाळी अंथरुणातनं उठले आणि खोली फिरली. एकदाच. परत खाली बसले. नेमू, पहिला विचार काय आला सांगू? कुणाला सांगू ने. पार हाडात मुरलंय ते. चांगली दोन मिनिटं फोनकडं बघत बसले. मनात म्हटलं, झालं, आता हा येतोय आणि मला नेतोय.

आणि फोन लावला. सम्मेदला म्हटलं, "मला चक्कर आली." तो म्हणाला, "हात नाकाला लाव." लावला, नेमका लागला. "दोन दिसतंय का?" न्हाय. "चालून बघ, सोनमला शेजारी घे." सरळ गेले. "आता डॉक्टरीणबाईंना लाव, मी फोन चालू ठेवतो." त्यांनी बोलावून घेतलं, तपासलं, बीपी उतरलं हुतं, गोळी निम्मी केली. बाराच्या आत घरी. जेवले, झोपले, उठून तुला लिहितेय.

तो आला न्हाय न्यायला. फक्त फोनवर म्हणाला, "आई, सांगितलंस, बरं केलंस." त्यावर मी जी रडले, ती सोनम घाबरून पाणी घेऊन आली. तिला म्हटलं, अगं, काय झालेलं न्हाय, मला बरं वाटतंय.

तुझी,
आक्का